झोपेची बेगमी

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. बाहेर उणे बावीस. मी सरपण आणायला तळघरात उतरले होते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं आमचं घर शंभर वर्षांहून जुनं आहे. वरचे मजले लाकडी, पण तळघराच्या भिंती दगडी आणि दगडांमधला चुना जागोजागी निखळलेला. ओंडक्यांच्या थप्पीमागे अशाच एका फटीच्या तोंडाशी काहीतरी चिकटलेलं दिसलं. रंगानं आणि आकारानं थेट मीठ लावून ठेवलेल्या चिंचेचा लहान गोळा. हातात लोकरीचे मोजे होते, म्हणून बोट लावलं. गार. भिंतीचा दगड जितका गार, तितकंच. मग पंखाची घडी दिसली, मिटलेला चेहरा दिसला आणि कळलं, हे वटवाघूळ आहे. मेलेलं.

लेकीला दाखवावं म्हणून बुटांच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्र घालून त्याला अलगद ठेवलं, झाकण लावलं आणि वर स्वयंपाकघरात आणलं. चहा टाकला. अर्धा तास झाला असेल, खोक्यातून कागदाची सळसळ ऐकू आली. झाकणाची कड उचलून पाहिलं तर ते थरथरत होतं. चालू शिवणयंत्रावर हात ठेवला की जाणवते तशी बारीक, न थांबणारी थरथर. डोळे अजून मिटलेलेच. मी झाकण परत लावलं. आपण नेमकं काय केलंय ते तेव्हा माहीत नव्हतं, पण काहीतरी मोठं केलंय एवढं कळत होतं.

राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन केला. त्यांनी जखमी प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला. बाईंचे पहिले प्रश्न रेबीजसाठीचे होते. उघड्या हातानं कुणी धरलं का? ते जिथं होतं त्या खोलीत कुणी झोपलं होतं का? रानातल्या वटवाघळांपैकी शंभरात एकालाही रेबीज नसतो, पण असला तर जिवावरचा, आणि त्याचे दात इतके बारीक की चावल्याची खूणही दिसत नाही. म्हणून उघड्या हातानं कधीच धरायचं नाही आणि झोपेच्या खोलीत सापडलं तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सोडायचं नाही. आमच्याकडे दोन्ही उत्तरं 'नाही' होती. मग त्या म्हणाल्या, "ते मेलेलं नव्हतं. झोपलेलं होतं. तुम्ही त्याला उठवलंत. आता पुन्हा झोपण्याइतकं त्याच्याजवळ शिल्लक आहे का, ते वजन केल्याशिवाय सांगता यायचं नाही."

शिल्लक हा शब्द माझ्या डोक्यात बसला.

संध्याकाळी आईचा फोन आला, तिच्याकडे सकाळ. तिला सांगितलं तर आधी ती घाबरली. "अगं, घरात वटवाघूळ शिरणं बरं नव्हे." आमच्या आजोळी, संगमेश्वराकडे, देवळाच्या गाभाऱ्यात पाकोळ्या असत आणि नदीकाठच्या वडावर मोठी वाघळं दिवसभर कलकलाट करत लटकलेली, पण देवळातली देवळात आणि वडावरची वडावर, घरात मात्र नको, असा तिचा हिशेब. मी समजावलं, की हे शिरलेलं नाही, दर थंडीत इथंच राहत असणार, आपल्यालाच माहीत नव्हतं. मग तिनं खरा प्रश्न विचारला. "इतके महिने खातं काय ते?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"अंगातल्या चरबीवर राहतं."

ती थोडी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आगोटच की गं."

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. मिरग लागण्याआधी घरात जी बेगमी करायची ती आगोट. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, कुळीथ, आमसुलं, लाकडं, शेणी, सगळं मे महिन्यात भरून ठेवायचं, कारण एकदा पाऊस लागला की चार महिने बाजार नाही, होडी नाही, वाट नाही. आजीचा सगळा पावसाळा त्या मोजणीवर चालायचा. गौरी-गणपतीला माणसं किती येतील, तेव्हा कणगीत काय उरलेलं असेल, याचा हिशेब तिच्या डोक्यात ज्येष्ठातच मांडलेला असे. आईनं सहज म्हटलेल्या त्या एका शब्दानं मला वटवाघळाचा हिवाळा जितका समजला, तितका नंतर वाचलेल्या कुठल्याही लेखानं समजला नाही.

कारण इथल्या वटवाघळांचं संकट मुळात भुकेचं आहे, थंडी त्यानंतर येते. ही सगळी कीटक खाणारी. आमच्याकडचं छोटं तपकिरी वटवाघूळ सात-आठ ग्रॅमचं, म्हणजे दोन लहान चमचे साखर भरेल एवढं. आणि उन्हाळ्यात एका रात्रीत आपल्या निम्म्या वजनाचे डास, पतंग, पाणकिडे फस्त करतं. ऑक्टोबरात पहिलं कडक दहिवर पडलं की उडणारे किडे संपतात. ते थेट एप्रिलच्या शेवटी पुन्हा दिसायचे. सहा महिने बाजार बंद. अशा वेळी दोनच वाटा. लाल वटवाघूळ, राखी ठिपक्यांचं मोठं वटवाघूळ अशा काही जाती दक्षिणेला निघून जातात. बाकीची जागच्या जागी खर्च कमी करतात, आणि तोही असा, की आपल्या काटकसरीच्या कल्पना तिथं अपुऱ्या पडतात.

उडताना त्यांचं हृदय मिनिटाला हजारच्या घरात ठोके देतं. शीतनिद्रेत ते दहा-वीसवर येतं. शरीराचं तापमान उतरत उतरत गुहेच्या हवेपेक्षा जेमतेम एक-दोन अंश वर राहतं; माझ्या बोटाला लागला तो गारवा हाच. श्वास मध्येच थांबतो, कधी पाऊण तास, कधी त्याहून जास्त. प्राणवायूचा खर्च जागेपणीच्या शंभरातला एक-दोन भाग. लटकून राहण्यालाही काही पडत नाही, कारण पायाच्या बोटांमधले स्नायुबंध अशा खाचांचे असतात की शरीराच्या भारानंच नख्या अडकून बसतात. स्नायू ताणावा लागतो तो सुटण्यासाठी.

याला आपण झोप म्हणतो खरं, पण ही झोप नाही. झोपलेल्याला हाक मारली तर तो उठतो. हे म्हणजे घरातली चूल विझवून, राखेखाली एकच निखारा ठेवून दार लावून घेणं.

जागा निवडणं हा यातला अर्धा शहाणपणा. छोट्या तपकिरी वटवाघळांना गोठणबिंदूच्या चार-पाच अंश वर राहणारी गुहा किंवा सोडलेली खाण लागते. फार थंड झाली तर रक्त गोठेल, उबदार झाली तर चरबी भराभरा जळेल. आणि हवा अतिशय दमट हवी, नव्वद टक्क्यांच्याही वर, कारण पंखांच्या उघड्या पातळ कातडीतून पाणी उडत राहतं. माझ्या तळघरातलं मात्र मोठं तपकिरी वटवाघूळ होतं. ते जरा काटक. कोरडी हवा सोसतं, जास्त थंडी सोसतं, म्हणून त्याला गुहेऐवजी भिंतीतली भेग, पोटमाळा, तळघर चालतं. उत्तर अमेरिकेत माणसाच्या घरात हिवाळा काढणारं बहुतेक वेळा तेच असतं. जपानात तर उसुरी प्रदेशाच्या नावाची एक चिमुकली जात चक्क बर्फात खळगा करून झोपते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री अंथरुणात पडल्यावरही तेच डोळ्यांपुढे येत राहिलं: बर्फाच्या वाटीत मिटलेला एवढासा जीव.

आणि थंडी नसतानाही हे होतं, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे राजस्थानच्या कोरड्या भागात उंदरासारख्या लांब शेपटीची वटवाघळं आहेत. ती थंडी लागण्याआधी पोटाखाली आणि शेपटीच्या मुळाशी चरबीची गादी साठवतात आणि किडे मिळेनासे झाले की सुस्त होतात. इस्रायलमध्ये त्यांच्याच एका जातीला वीस अंशांच्या उबदार गुहांमध्ये शीतनिद्रा घेताना अभ्यासकांनी नोंदवलंय. आपण शब्दात शीत घालून बसलो. त्यांची गोष्ट मुळात शिलकीची आहे.

आता त्या शिलकीबद्दल, कारण बाईंनी वजनकाट्याचं जे म्हटलं ते मला नंतर वाचताना उलगडलं. वटवाघूळ सहा महिने सलग निजत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ते स्वतःच उठतं. का, यावर अजून वाद आहेत. पाणी प्यायला हे एक कारण नक्की, कारण उठल्यावर ती पाणी पिताना दिसतात. उठायचं म्हणजे पाच अंशांवर आलेलं शरीर छत्तीस-सदतीसपर्यंत तापवायचं. त्यासाठी खांद्यांच्या मधोमध तपकिरी चरबीची एक पट्टी असते. पांढरी चरबी म्हणजे कोठार, तपकिरी चरबी म्हणजे शेगडी. ती नुसती जळून ऊब देते. (आपल्या नवजात बाळांच्या पाठीतही ती असते. त्यांना कुडकुडता येत नाही, म्हणून.) १५५१ मध्ये कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकानं मार्मोट या प्राण्यात ती पाहून ही धड चरबी नाही, धड मांस नाही, असं लिहून ठेवलं होतं.

या एका उठण्यात जेवढी चरबी जळते, तेवढ्यात ते दीड-दोन महिने निजू शकलं असतं. पूर्ण हिवाळ्यात साठवलेल्या चरबीतला तीनचतुर्थांश भाग या मोजक्या जागेपणांवर जातो. सहा महिन्यांच्या निजेला उरलेला पाव भाग पुरतो. मी हे वाक्य तीनदा वाचलं. म्हणजे मी चहा टाकून उभी होते त्या अर्ध्या तासात, त्या खोक्यात, त्याची फेब्रुवारी जळत होती.

आपला विठोबा आषाढीला निजतो आणि कार्तिकीला उठतो. इथली वटवाघळं कार्तिकीच्या सुमाराला निजतात. निजण्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या रात्री, ती गुहांच्या तोंडाशी शेकड्यांनी जमतात, आत-बाहेर घिरट्या घालतात. याच काळात त्यांचं मीलन होतं. पण गर्भ राहत नाही. मादी नराचं बीज हिवाळाभर पोटात सांभाळते आणि वसंतात जागी झाल्यावर बीजांड सोडते. जून-जुलैत पिल्लू, बहुतेक जातींत एकच. पोटात मूल घेऊन उपासाचे महिने काढायचे नाहीत, पण वसंत आला की एकही दिवस वाया घालवायचा नाही, अशी ही योजना. उन्हाळा इतका आखूड, की उशिरा जन्मलेल्या पिल्लाला स्वतःची आगोट भरायला वेळच उरत नाही.

आमच्या गावापासून अर्ध्या तासावर डॉर्सेट आहे. तिथल्या डोंगरात संगमरवराच्या खडकात इओलस नावाची गुहा आहे. इओलस ही ग्रीकांची वाऱ्याची देवता. गुहेच्या तोंडातून हवा बाहेर येते म्हणून हे नाव. न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य टोकातलं, वटवाघळांचं हे सगळ्यात मोठं हिवाळी घर. डोनाल्ड ग्रिफिन हार्वर्डमध्ये शिकत असताना १९३० च्या दशकात न्यू इंग्लंडच्या गुहांमधून हिंडून वटवाघळांना ओळखीसाठी कड्या घालत होता. त्याच ग्रिफिननं १९३८ मध्ये प्राध्यापक पियर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळं नेली आणि माणसाच्या कानापलीकडचा त्यांचा आवाज पहिल्यांदा पकडला. कड्या घालण्यातून कळलं ते मला तितकंच मोठं वाटतं. ही इवलीशी जनावरं वीस-वीस वर्षांहून जास्त जगतात. घरातला उंदीर एवढ्याच आकाराचा, त्याला दोन-तीन वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी. सायबेरियात ब्रँटच्या वटवाघळाची ४१ वर्षांची नोंद आहे. हिवाळाभर विझून राहण्याचा या दीर्घायुष्याशी संबंध असावा, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत.

आमचे शेजारी ऐंशीच्या पुढचे आहेत. ते लहानपणी या गुहेत गेले होते, तेव्हा कुणी अडवत नसे. "छत दिसायचंच नाही," ते म्हणाले. "वाटायचं, दगडालाच केस आहेत." त्यांच्या विजेरीच्या उजेडात प्रत्येक केसावर दवाचे थेंब चमकत होते. हे सांगताना त्यांनी हात वर करून बोटं अशी हलवली, जणू त्यांना ते अजून दिसत होतं. त्या गुहेत तीन लाखांच्या आसपास वटवाघळं हिवाळा काढत, असा अंदाज होता.

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळच्या हाउ कॅव्हर्न्स या गुहेत गुहा पाहणाऱ्या एकानं झोपलेल्या वटवाघळांचे फोटो काढले. काहींच्या नाकावर पांढरी भुकटी लागलेली होती. पुढच्या हिवाळ्यात आसपासच्या गुहांमध्ये मेलेल्यांचे थर सापडले. २००८ च्या हिवाळ्यात हे मरण डॉर्सेटला पोचलं. भर दुपारी, बर्फ पडत असताना, वटवाघळं गुहेबाहेर उडत होती. शेजारी सांगतात, लोकांना ती अंगणातल्या बर्फावर, गोठ्याच्या भिंतीवर, जळणाच्या ढिगावर सापडत होती.

ही एक बुरशी. नाव स्यूडोजिम्नोॲस्कस डिस्ट्रक्टन्स. डिस्ट्रक्टन्स म्हणजे नाश करणारी. तिला थंडी आवडते. उबदार शरीरावर ती वाढू शकत नाही, पण हिवाळ्यात वटवाघूळ गुहेइतकंच गार झालेलं असतं आणि त्याची रोगाशी झुंजणारी यंत्रणाही निजलेली असते. जगण्यासाठी शोधलेली युक्ती होती, तिच्यातूनच शत्रू आत शिरला. बुरशी नाकावर दिसते, पण खरी खाते ती पंख. आणि मरण येतं ते पुन्हा त्याच हिशेबानं. अंगातलं पाणी आणि क्षार ढळतात, वटवाघूळ अस्वस्थ होऊन उठतं, पुन्हा उठतं, तीन आठवड्यांच्या जागी आठवड्यानं उठतं. फेब्रुवारी संपायच्या आत कोठार रिकामं. मग ते बाहेर पडतं, किडे शोधायला. बर्फात.

युरोपातल्या वटवाघळांच्या अंगावर हीच बुरशी असते आणि ती मरत नाहीत. त्यांची आणि तिची ओळख जुनी. अमेरिकेत ती बहुधा माणसानंच आणली, बुटाला किंवा दोराला लागून. २०१२ मध्ये अमेरिकन सरकारनं सांगितलेला मृत्यूंचा अंदाज होता ५७ ते ६७ लाख. २०१६ मध्ये ती खंड ओलांडून वॉशिंग्टन राज्यात दिसली. तीन जातींची, आणि त्यांत हे छोटं तपकिरी एक, शंभरातली नव्वदहून जास्त गेली. व्हरमाँटनं २०११ मध्ये त्याला राज्याच्या संकटग्रस्त यादीत घातलं. जे कोठारात, ओसरीवर, तळ्यावर, सगळीकडे होतं, ते.

एकच पिल्लू वर्षाला. गेलेली भरून यायला किती पिढ्या लागतील ते सांगायला नको. तरी काही गुहांमध्ये उरलेल्यांची संख्या आता घसरायची थांबली आहे. तपासलं तेव्हा दिसलं, की उरलेली हिवाळ्याच्या सुरुवातीला अधिक जाड असतात. ज्यांनी जास्त साठवलं ती वाचली असतील, किंवा वाचलेली जास्त साठवायला लागली असतील. मला आजी आठवली. दुष्काळ पाहिलेली माणसं घरात तांदळाची एक कणगी जास्तीची ठेवत, आणि का ते विचारलं तर उत्तर देत नसत.

आमचं वटवाघूळ बाईंच्या काट्यावर चौदा ग्रॅम भरलं. या दिवसांत त्या जातीला हे कमीच. त्यांनी त्याला परत निजवायचा धोका पत्करला नाही. चार महिने ठेवून घेतलं, चिमट्यानं एकेक अळी भरवली. पंखांवर बुरशी नव्हती. मे महिन्यात त्यांनी फोन केला, तेव्हा लेकीला घेऊन गेले. अंधार पडता पडता बाईंनी जाड हातमोज्यातली मूठ उघडून हात भिंतीशी धरला. ते थोडं वर सरपटलं, थरथरलं, अगदी खोक्यातल्यासारखं, आणि सुटलं. कुठं गेलं ते दोन क्षणांतच कळेनासं झालं. येताना गाडीत लेक काहीच बोलली नाही आणि मीही नाही.

बाईंनी निघताना मला दोन गोष्टी सांगितल्या. पोटमाळ्यातल्या, भिंतीतल्या फटी बुजवायच्या असतील तर जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत अजिबात नाही, तेव्हा आत न उडणारी पिल्लं असतात. आई बाहेर आणि ती आत राहतात. आणि तळघरात पुन्हा कुणी निजलेलं दिसलं, तर राहत्या खोल्यांकडे येणारी वाट बंद करायची, दिवा मालवायचा आणि वर यायचं.

त्यालाही आता काही वर्षं झाली. गेल्या ऑक्टोबरात मी आणि नवऱ्यानं दोन दिवस खपून सगळं सरपण तळघरातून काढलं आणि मागच्या पडवीत रचलं. आता थंडीत त्या भिंतीकडे जायची गरज पडत नाही. पडवीतली वरची लाकडं बर्फानं ओली होतात, शेगडीत धूर करतात; ते चालतं. तळघराच्या जिन्याच्या दाराखाली आईच्या जुन्या सुती लुगड्याची घट्ट सुरळी करून सरकवली आहे. भिंतीतली ती फट तेवढी बुजवलेली नाही.

परवा आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "निजलं का गं तुझं ते?"

मी म्हटलं, "बघायला गेले नाही."